ओवाळणीचं कार्ड

दादा पाटावर बसला. मी गंध लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. दर भाऊबीजेला तो ताटात पाचशेची नोट टाकायचा आणि वर वहिनीला न आवडलेली एखादी साडी. त्या वर्षी त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि सुपारीशेजारी ठेवला.

"हे काय रे?"

"ओवाळणी. बँकेतली ठेव हाय. तीस हजार, तुझ्या नावावर."

माझ्या हातातलं ताट कललं. निरांजनातला तुपाचा थेंब कागदावर सांडला.

"दादा, एवढे कशाला?"

"ओवाळणी परत करायची नसती, शालन. आणि ही मोडायची पण न्हाई. हिच्यावर बँक तुला कार्ड देणार."

"मला? बँक मला पाणी तरी विचारते का?"

खोटं नव्हतं ते. हे गेले तेव्हा मागे एक टीव्ही, एक मोटरसायकल आणि हप्त्याच्या कागदांवर माझी सही ठेवून गेले. टीव्ही जळला, मोटरसायकल वसुलीवाल्यांनी ओढून नेली, सही तेवढी टिकली. मिरजेत हॉस्पिटलच्या गल्लीत मी डबे करायची, पेशंटला मऊ भात-वरण आणि नातेवाइकांना भाकरी-भाजी. गाळा मुजावरचाचांचा. चाचा लेकीकडं हुबळीला जायचं म्हणत होते.

"शालनताई, गाळा विकायचाय. पयलं तुम्हाला विचारतो. अकरा लाख. पुढच्या दिवाळीपर्यंत थांबतो, मग माझा इलाज न्हाई."

बारा वर्षं त्या गाळ्याच्या भिंतींनी माझ्या फोडणीचा धूर खाल्ला होता. मी बँकेत गेले. तिथल्या पोरानं कॉम्प्युटरवर काहीतरी दाबलं आणि पडदा माझ्याकडं वळवला. पाचशे एक्याऐंशी.

"हे काय, मार्क आहेत का? कितीपैकी?"

"नऊशेपैकी, मॅडम. सिबिल म्हणतात याला. कर्ज देताना बँक हेच बघते."

"मग पास आहे की मी."

तो हसला नाही. तेव्हाच मी ओळखलं, आपण नापास.

दादाला सगळं माहीत होतं. तासगावात त्याचा बेदाण्याचा व्यापार, चार बँकांत ऊठबस. त्यानं लाडू फोडत मला समजावलं. ठेव बँकेकडं अडकलेली, त्यामुळं बँकेला भीती नाही, म्हणून ती माझ्यासारखीलाही कार्ड देते. कार्डावर थोडं घ्यायचं, मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शावर जायचं नाही, बिल वेळेत भरायचं. वर्षभरात आकडा फुगतो.

"साडेसातशेच्या पुढं गेला की गाळ्याचं कर्ज काढू. तुझी कमाई कागदावर न्हाई, म्हणून मी सहकर्जदार ऱ्हातो. मॅनेजर आपला हाय."

"फुगतो म्हणजे आपोआप?"

"द्राक्षाचं बघितलंयस न्हवं? मणी धरला की आम्ही खोडाची साल गोल काढून टाकतो, अंगठीएवढी. मग रस खाली मुळाकडं जात न्हाई, सगळा वर मण्यात. मणी असा टच्च फुगतो."

"आणि वेल?"

"वेलाचं काय?" तो म्हणाला. "वेल हाय की."

जाताना मी दबकत विचारलं, "पुढच्या वर्षी अक्काला बोलवू या का रे?"

अक्का आमची थोरली. विट्याला तिचं स्वतःचं घर होतं. ते गेलं आणि ती कुपवाडला एका खोलीत येऊन राहिली. कुणाशी बोलत नाही, सणाला येत नाही. दादा म्हणायचा, बाबांच्या जमिनीत वाटा मागितला, मिळाला नाही, तेव्हापासून डोकं फिरलंय तिचं. तिला सख्खा भाऊ असून ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते, भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तशी.

"सणासुदीला तिचं नाव काढू नको," दादा म्हणाला, आणि चपला घालून निघाला.

कार्ड आलं. निळं, वर माझं नाव उठावाच्या अक्षरात. ते मी देव्हाऱ्यात ठेवलं होतं काही दिवस, हसू नका. मग वापरायला लागले. कधी तुरडाळ, कधी तेलाचा डबा. बिलाचा मेसेज आला की त्याच संध्याकाळी भरून यायची. उधारी घरात असली की मला झोप लागत नाही, कुणीतरी ओट्यावर बसून आहे असं वाटतं.

महिन्याच्या एक तारखेला दादाचा फोन यायचा.

"ओटीपी आलाय बघ. सांग."

मी सांगायची. तो टाकून तो माझा आकडा उघडायचा. मग, "सहाशे चाळीस. शाब्बास!" पुढं कधी "सहाशे नव्वद", कधी "सातशेच्या पुढं गेली की गं माझी बहीण!" आकडा गेला म्हणायचा नाही, बहीण गेली म्हणायचा. मला बरं वाटायचं. एवढ्या वर्षांत माझं काही मोजून कुणी शाब्बास म्हटलं नव्हतं. दर वेळी बेदाण्याची पिशवी यायची. गाळ्यात बेदाणे एवढे साठले की मी पेशंटच्या शिऱ्यात मूठभर जास्त घालायला लागले.

चैत्रात तो एक माणूस घेऊन आला. पांढरा शर्ट, बोटात जाड अंगठी. त्यानं गाळ्याचे फोटो काढले, शटरचे, मोरीचे, छताचे. मी पळी हातात घेऊन उभी, माझाही काढला.

"हे कोण, दादा?"

"किंमत ठरवायला आलेत. बँकेचं असतं ते."

"पण आकडा अजून व्हायचाय ना?"

"होतोय की."

तो माणूस चाचांना विचारत होता, वरचा मजला कुणाचा, घरपट्टी कुणाच्या नावावर. निघताना तो दादाकडं वळला आणि मान माझ्या बाजूला हलवत म्हणाला, "हीच का?"

दादानं होय म्हटलं.

जागेबद्दल विचारत असेल, असं मी मनाला सांगितलं. पण त्या दिवशी भाकरी तीनदा करपली.

गौरी आल्या. गौरीजेवणाचा एक डबा मी दरवर्षी अक्काच्या दारात ठेवून यायची. ती दार उघडायची नाही. दुसऱ्या दिवशी घासूनपुसून डबा बाहेर ठेवलेला असायचा, आत चिमूटभर साखर घालून. रिकामा डबा परत द्यायचा नाही एवढं तिनं पाळलं होतं. त्या वर्षी माझ्या पोटात आनंद मावत नव्हता, म्हणून मी बंद दाराशीच बोलले.

"अक्का, पुरणपोळ्या ठेवल्यात गं. आणि ऐक, गाळा घेतेय मी. दादानं ठेव टाकून कार्ड काढून दिलं. दिवाळीला काम होतंय."

आत भांडं वाजलं. मग कडी निघाली.

चार-पाच वर्षांनी बघत होते तिला. केस पांढरे, गळ्यात काळा दोरा. पापडाच्या कारखान्यात लाटायला जायची, मनगटं सुजलेली. अक्का तिसरीपर्यंत शिकलेली. आयुष्यात तिनं कधी बँकेची पायरी आपणहून चढली नसेल.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "आकडा किती झाला तुझा?"

तिनं दारातला डबा उचलला.

"सातशे अडतीस," मी म्हटलं. "तुला कसं गं..."

"आत ये. आणि चप्पल आत घे. बाहेर दिसायला नको."

खोलीत एक खाट, एक शेगडी. तिनं मला पाणी दिलं, स्वतः दाराला पाठ लावून बसली.

"गाळा केवढ्याचा?"

"अकरा लाख."

"आणि कर्ज केवढं काढणार म्हणाला?"

दादा वीस म्हणाला होता. खर्च धरून, म्हणाला होता. मी ते वीस तोंडातून काढलं, आणि काढता काढता मलाच ऐकू आलं.

"माझं पण भाऊबीजेलाच," अक्का म्हणाली. "ताटात कागद. ठेव, कार्ड, सगळं ह्येच. मला वाटलं पाटावर देव येऊन बसलाय. विट्याचं घर तुझ्या मेव्हण्यांच्या मागं माझ्या नावावर करून घ्यायला त्यानंच धावपळ केली. घर माझ्या नावावर, आकडा वर, आणि महिन्याभरात कर्ज निघालं. पत्रा बदलायला थोडं, बेदाण्याला बाकीचं. पयले हप्ते भरले त्यानं. मग त्या साली बेदाण्याला भाव न्हवता."

"आणि जमिनीचा वाटा?"

"कुठली जमीन? मी घर सोडवून दे म्हणत होते. लोकांना सांगताना त्यानं जमीन केली."

"अगं, नाही म्हणायचं ना सही करताना!"

"म्हणाले की. दोनदा म्हणाले. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या पायावर डोकं ठेवलं. रडला गं शालन. लहानपणी तापात रडायचा तसा." तिनं सुजलेलं मनगट चोळलं. "तुझ्या पायावर ठेवंल तवा तू काय करशील?"

मी काय केलं असतं ते मला माहीत होतं. डोकं उचलून मांडीवर घेतलं असतं आणि पेन मागितलं असतं.

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला खरं वाटलं असतं? आणि तुझ्यावर त्याचा डोळा जाईल असं वाटलं न्हाई. तुझ्याकडं होतं काय? पातेली." ती थोडी हसल्यासारखी झाली. "त्यानं तुला गाळा मिळवून द्यायचा आधी, मग किंमत फुगवून तारण ठिवायचा. आकडा नसंल तर त्याला तुझा काही उपयोग न्हाई बघ."

शेवटचं वाक्य ती सहज बोलली. मी मात्र ते कुपवाडपासून मिरजेपर्यंत रिक्षात मांडीवर घेऊन आले.

दुसऱ्या दिवशी मी किराणा दुकानात गेले. तेलाचे डबे, हरभराडाळीचं पोतं, मैदा, वनस्पती तूप.

"काय शालनताई, लग्न काढलं का?" दुकानदार म्हणाला.

"दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतल्यात. कार्डावर घ्या."

"सगळं कार्डावर?"

"जेवढं बसतंय तेवढं."

अगदी काठोकाठ बसलं. तिसऱ्या हिश्शाचा नियम मी वर्षभर एकादशीसारखा पाळला होता, त्या दिवशी मोडला.

बिलाचा मेसेज आला. पैसे माझ्याकडं होते, डब्यात वेगळे काढून ठेवलेले. संध्याकाळी मी साडी बदलली, पर्स घेतली, चप्पल घातली. मग चप्पल काढून परत ओट्याशी उभी राहिले. वरण उकळत होतं. मोबाईलमधलं सिम मी सुईनं काढलं, मिसळणाच्या डब्यात मोहरीखाली दाबलं, आणि मोबाईल वरणात सोडला.

वाफाळत्या पिवळ्या वरणात तो दोनदा वर आला. मग गेला.

ते वरण अर्थात फेकून दिलं. पेशंटनी माझं काय बिघडवलं होतं?

मग मुदतीची तारीख गेली. त्या रात्रीपासून मला रोज वाटायचं, ओट्यावर कुणीतरी बसलंय. भाजी चिरताना गाळ्यासमोर गाडी थांबली की सुरी थांबायची. आठवडा गेला. दोन आठवडे गेले. बँकेचे फोन येत असणार, पण ते मोहरीत दाबले गेले होते.

दसऱ्यानंतर दादा आला. न सांगता.

"फोन का लागत न्हाई तुझा?"

"वरणात पडला रे."

"वरणात?"

"उकळत्या. कानाला लावून ढवळत होते."

"अगं, अक्कल..." त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आता कुठाय?"

"तांदळात ठेवलाय सुकायला. लोक म्हणतात, ओढून घेतो म्हणे पाणी."

दादानं बाही वर केली आणि तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला. चाचपत राहिला. सापाच्या बिळात हात घालावा तसा, फक्त साप कोण ते मला त्या वेळी नीट सांगता आलं नसतं. मोबाईल निघाला. कडांना वाळलेली डाळ. त्यानं नखानं कप्पा उघडला. रिकामा.

"सिम?"

"शिजलं असेल."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ. मी भाकरी थापत होते, थाप चुकू दिली नाही.

"बायकांच्या हातात काय द्यायची सोय न्हाई," तो शेवटी म्हणाला. "बिल भरलं का?"

"भरायला विसरेन का मी?"

हे खोटं नव्हतं. विसरले नव्हतेच.

"भाऊबीजेला येतो. दुसऱ्या दिवशी बँकेत जायचंय, सह्या हायत. सिम तेवढं नवीन काढून ठेव."

भाऊबीजेला मी रांगोळी काढली, पाट मांडला. फराळाचं ताट भरलं. दादा आला तो खूष होता. पांढरा शर्ट, बरोबर कागदांची पिशवी. चकली तोंडात टाकून म्हणाला, "खुसखुशीत झालीय. तेल चांगलं दिसतंय."

"चांगलंच आहे," मी म्हटलं. "खा अजून."

मी ओवाळलं. मनापासून ओवाळलं, त्यात काही लबाडी नव्हती. त्याचं आयुष्य मागितलं. लहानपणी हा भाऊ मला खांद्यावर बसवून यात्रेला न्यायचा, तो माणूस कुठं गेला हे निरांजनाच्या उजेडात शोधत होते. त्यानं ताटात खोकं ठेवलं. नवा मोबाईल.

"आण सिम," तो पाटावरूनच म्हणाला. "आकडा बघून टाकू. आज साडेसातशे पार, पैज."

मी मिसळणाचा डबा आणला, मोहरीतून सिम काढलं, पदराला पुसून त्याच्या हातात दिलं. त्यानं मोहरीकडं पाहिलं. मोबाईल सुरू झाला तशी धडाधड मेसेजची टिणटिण. त्यानं ते वाचले नाहीत. ओटीपी घेतला, स्वतःच्या मोबाईलमध्ये टाकला, आणि वाट बघत बसला. कपाळावर माझं ओलं गंध.

मग त्याचं बोट थांबलं.

"सहाशे नऊ," तो हळू म्हणाला. परत बघितलं. "सहाशे नऊ कसं?"

"कमी आहे का रे?"

"हप्ता चुकलाय. कार्ड पूर्ण वापरलंयस." त्यानं आता मेसेज वाचायला घेतले. एकेक. शेवटचा वाचून मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर मी घाबरले नसते. तो मला निरखत होता, व्यापारी घड बघतो तसा, कुठला मणी सडका निघाला. "बँक ठेव मोडून घेणार म्हणतीय. माझी ठेव."

"ओवाळणी होती ना ती? माझी."

गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. ती संपेपर्यंत तो मेसेज परत वाचत राहिला.

"अक्काकडं गेली होतीस," दादा म्हणाला. विचारलं नाही, म्हणाला.

"गौरीचा डबा दरवर्षी देते."

"काय सांगितलं तिनं?"

"काही नाही. साखर घालून डबा परत दिला."

तो उठला. माझ्या पायांकडं बघितलं. आता डोकं ठेवतोय, असं वाटून माझे पाय आपोआप साडीत मागं सरकले. पण आकडा उतरलेल्या बहिणीच्या पायावर डोकं ठेवून काय मिळणार? त्यानं ताटातलं खोकं उचललं, मोबाईल आत घातला.

"ह्याचा डिस्प्ले बरोबर न्हाई. बदलून आणतो."

भाऊबीजेच्या ताटातली ओवाळणी उचलून नेणारा भाऊ मी तोवर ऐकलाही नव्हता.

"दादा," मी म्हटलं. "सिम दे."

"आँ?"

"माझं सिम. काढून दे."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापुढं हात पसरला तो मागायला नव्हे. त्यानं सिम काढलं, पाटावर ठेवलं. दारात क्षणभर थांबला, पाठमोराच. "गाळा गेला बघ तुझा," म्हणाला. आणि निघून गेला.

गेलाच. चाचा थांबले तेवढे थांबले, मग तिथं औषधांचं दुकान आलं. शटर नवं बसवताना मी समोरच्या फुटपाथवर उभी राहून बघितलं. भिंतींना पांढरा रंग दिला त्यांनी, धुरावर तीन हात मारावे लागले म्हणे.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी उरलेल्या चकल्या डब्यात भरल्या आणि कुपवाडला गेले. अक्काचं दार उघडं होतं. ती ताट घेऊन अंगणात उभी, पश्चिमेकडं तोंड करून. बीजेची कोर अजून दिसत नव्हती.

"आकडा?" तिनं मागं न बघता विचारलं.

"सहाशे नऊ."

अक्का वळली. आणि हसायला लागली. ताट हातात हिंदकळतंय, निरांजन विझतंय, आणि ही बाई हसतेय, पदर तोंडात कोंबून. इतक्या वर्षांचं साठलेलं हसू होतं ते, हुंदक्यासारखं बाहेर येत होतं.

"सहाशे नऊ! बरी उतरलीस गं बया!"

मग तिनं निरांजन परत पेटवलं, आत गेली, भिंतीला टेकवलेला पाट काढून पुसला.

"बस," म्हणाली.

"मी? मी काय भाऊ आहे का?"

"चंद्राला तरी मी कुठं विचारलं? बस गप."

मी बसले. सुजलेल्या मनगटानं तिनं मला ओवाळलं. मी ताटात चकल्यांचा डबा ठेवला.

आता डबे तिच्या खोलीतून निघतात. ती लाटते, मी भाजते. कार्ड मी पुन्हा काढलं, या वेळी स्वतःच्या ठेवीवर. बिल त्याच संध्याकाळी भरते. दादा अजून दर दिवाळीला फोन करतो. ख्यालीखुशाली होते, बेदाण्याचा भाव सांगतो, वहिनीचे गुडघे सांगतो. आणि फोन ठेवता ठेवता, अगदी सहज, विचारतो,

"आकडा किती झाला गं शालन?"

"सहाशे नऊ," मी सांगते.

पलीकडं तो थोडा वेळ गप्प असतो. मोजत असावा.